एप्रिल भारी की मे

“चाळीस फूट बाय अठ्ठावीस!” अतुल ओरडला. “लिहिलंस?”

“लिहिलं. जरा हळू बोल. कुणी गेलं असेल इथं,” चारुदत्त म्हणाला.

अतुल वरमला, पण क्षणभरच. समोर सिमेंटचा लांबरुंद चौथरा होता आणि चौथऱ्यावर काहीच नव्हतं. भिंत नाही, खांब नाही, दाराची चौकटसुद्धा नाही. कडेनं लोखंडी बोल्ट तेवढे वर आलेले. अमेरिकेतलं लाकडी घर अशा बोल्टांनी पायाला जखडलेलं असतं, हे त्यानं पुस्तकात वाचलं होतं. घर उभं राहताना त्यानं कधी बघितलं नव्हतं, पण जखडलेलं घर वाऱ्यानं साफ नेलं तर तो टोर्नेडो एफ-फाइव्ह, हे त्याला पाठ होतं. त्याच्या वर श्रेणीच नाही.

टोर्नेडोच्या पोटात शिरून वाऱ्याचा वेग कोण मोजणार? तो काय काय मोडून गेला ते मागाहून बघायचं आणि त्यावरून श्रेणी ठरवायची, अशी रीत होती. त्र्याऐंशी सालच्या त्या वसंतात पेनसिल्व्हेनियात टोर्नेडोंच्या दोन लाटा आल्या, एक एप्रिलमध्ये आणि एक मेमध्ये. जास्त भयंकर कुठली, यावरून स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात संशोधन करणाऱ्या दोन विद्यार्थ्यांचं जुंपलं होतं. सुलेखा म्हणे एप्रिलची, अतुल म्हणे मेची. त्यांचे प्रोफेसर हॅलोरन मोठे मिश्कील. उन्हाळ्यात ओक्लाहोमाला वादळांच्या मागे गाड्या पळवणाऱ्या पथकात त्यांच्या हातात एक जागा होती. ज्याचं उत्तर बरोबर त्याची ती जागा, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

त्या जागेसाठी अतुलचा जीव तुटत होता. टोर्नेडो शिकायला तो नागपूरहून इतक्या लांब आला आणि दोन वर्षांत एकही टोर्नेडो त्यानं डोळ्यांनी पाहिला नव्हता. लग्नाला जाऊन नवरी न बघता जेवून परतावं, त्यातलाच प्रकार.

दोन्ही लाटांचं पारडं सारखंच होत होतं. मग मेमधल्या टोर्नेडोच्या वाटेचे विमानातून काढलेले फोटो आले आणि त्यांत हा चौथरा दिसला. मेच्या पदरात एक एफ-फाइव्ह पडला की निकाल लागला. अमेरिकेतच, न्यू जर्सीतल्या आयसेलिनला जन्मलेल्या सुलेखानं फोटो बराच वेळ न्याहाळला आणि ती म्हणाली, “रिपोर्ट लिहिण्याआधी जाऊन बघ. आय मीन इट.” म्हणून चारुदत्त या रूममेटच्या खटाऱ्यातून अतुल तीन तासांवर आला होता.

“पण यार, घराची लाकडं कुठंयत?” चारुदत्तनं विचारलं.

“उडाली.”

“सगळी? एखादी काच, एखादा चमचा?”

“मागे चमचा ठेवला तर तो एफ-फाइव्ह कसला?”

रस्त्यापलीकडे मिसेस क्लाइन नावाच्या म्हातारबाई कुंपणाशी येऊन उभ्या होत्या. अतुल त्यांच्याकडे धावला.

“टोर्नेडो इथूनच गेला ना?”

“इथूनच. माझ्या कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर घेऊन गेला.”

“आणि समोर? तेव्हा तिथं कुणी होतं?”

“नाही, कुणी नव्हतं. देवाची कृपा.”

“ते लोक आता कुठं राहतात?”

“गावात, बायकोच्या भावाकडे. तिला आठवा महिना लागलाय. घरासाठी जीव नुसता टांगणीला लागलाय बिचाऱ्यांचा.”

 अतुलनं बाईंचा फोन मागितला. त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून त्यानं प्रोफेसरांना गाठलं.

“सर, काही म्हणजे काही उरलेलं नाही!”

“तू स्वतः पाहिलंस?”

“पाहिलं, मोजलं, शेजारणीला विचारलं.”

 “मग मे जिंकला,” प्रोफेसर म्हणाले. “ओक्लाहोमाची बॅग भर. मी आत्ताच पेपरवाल्यांना कळवतो. उद्या छापून येईल.”

अतुलनं फोन ठेवला आणि तिथल्या तिथे उडी मारली. चारुदत्तनं त्याच्या पाठीत गुद्दा घातला. “सुलेखाला सांगताना मला बरोबर ने. तिचं तोंड बघायचंय मला.”

बाहेर आल्यावर मात्र अतुलला स्वतःचीच लाज वाटली. लोकांचं घर गेलं आणि आपण नाचतोय. त्यानं गाडीतून आईनं पाठवलेला बेसनाच्या लाडवांचा डबा काढला.

“अरे, दुःखाच्या घरी गोड नेत नाहीत,” चारुदत्त म्हणाला.

“आठवा महिना आहे तिला. तिच्यासाठी ठेवतो.”

तो चौथऱ्यावर डबा ठेवतोय तोच एक पिकअप ट्रक धूळ उडवत आत वळला. तिशीतला एक माणूस उडी टाकून उतरला. मागून त्याची बायको पोट सावरत सावकाश उतरली. अतुलला कुणी सांगायला नको होतं. तो पुढे गेला.

“तुमच्या घराचं...” एवढं बोलून त्यानं हात पुढे केला. “आय अ‍ॅम सो सॉरी.”

त्या माणसानं त्याचा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला.

“अहो, सॉरी कशाला, आलात हेच खूप झालं! मघाशी रस्त्यावरून तुम्हाला टेपनं मापं घेताना बघितलं, तेव्हाच मी हिला म्हटलं, आले एकदाचे सुतार. मार्चमध्ये पाया घालून बसलोय आम्ही. आता सांगा, घर बांधायला कधीपासून लागताय?”