पोळपाटावरची केमिस्ट्री

"कॅल्शियम क्लोराइडचं सूत्र?" आईनं पोळ्या लाटता लाटता विचारलं.

शाल्मलीला पाठ सगळं होतं, पण प्रश्न समोर आला की कापरासारखं उडून जायचं. उद्याच्या सहामाहीत केमिस्ट्री राहिली, तर सायन्स सोडून आर्ट्स घ्यायचं, असं बाबांनी बजावलं होतं.

आई तिला निरखत होती. स्वतःला उत्तर सुचत नसलं, तरी ही पोरगी दुसऱ्याची चूक कधी सोडत नाही. आईनं पोळपाटावर पीठ भुरभुरवून बोटानं चिन्हं लिहिली: एक कॅल्शियम, एक क्लोरिन.

"अगं आई, कॅल्शियमला दोन हात असतात. एक रिकामाच ठेवलास." शाल्मलीनं क्लोरिनखाली दोनाचा आकडा काढला.

आईनं पुढचंही चुकवलं, त्याच्या पुढचंही. कणीक संपेपर्यंत शाल्मलीनं अकरा चुका पकडल्या आणि दोन पोळ्या करपल्या.

"बीएस्सी कशी झालीस गं तू?"

"शेजारी तुझ्यासारखी हुशार मुलगी बसायची."

शाल्मली हसली, मग थबकली. "मुद्दाम चुकत होतीस ना?"

आई गॅस बंद करायला वळली.

शाल्मलीनं पोळपाटावर ताजं पीठ पसरलं आणि बोट टेकवलं. "आता नुसतं विचार. लिहून देऊ नकोस."