पाइपचं तोंड

"आप्पा, पाइपचं तोंड आपल्याच भिंतीवर येतंय!" मी ओरडले.

शेजारच्या बंगल्याच्या गच्चीचं पाणी पडून तिथल्या मॅडमच्या लॉनचं गवत सडत होतं, म्हणून आप्पा पाइप कंपाउंडबाहेर काढत होते. कंपाउंडला लागूनच आमचं मातीचं घर होतं.

"आठवीत शाळा सोडलीस आणि बापाला प्लंबिंग शिकवतेस?" आप्पा म्हणाले. मॅडम हसल्या. मी पाना आपटला आणि निघून गेले.

चार दिवस पाऊस हटला नाही. पाचव्या दिवशी सकाळी ती भिंत चुलीपुढं बसलेल्या आईवर पडली. आप्पांनी नि मी हातांनी चिखल उपसला, तोवर ती गेली होती.

घरात, गल्लीत गुडघाभर पाणी होतं. आईला ठेवायला पाणी न साचलेली जागा एकच होती. मॅडमनी गेट उघडलं आणि आम्ही तिला लॉनवर ठेवलं.