म्हशीचं तोंड

सर्वोत्कृष्ट अभिनयाचं पारितोषिक म्हशीला मिळालं. असं काही घडलंच नाही, असा चेहरा करून मंदाकिनी ठोसर अकराव्या रांगेत बसून राहिली.

ॲनिमेशनपटातल्या त्या म्हशीची शिंगं तेवढी संगणकाची होती, तोंड मंदाकिनीचं. चेहऱ्याची हालचाल संगणकाने टिपून म्हशीला द्यावी म्हणून गालांवर ठिपके चिकटवून, नाकासमोर कॅमेरा टांगून ती दोन महिने रवंथ करत होती, रेडकू हरवल्यावर ढसाढसा रडलीही होती. आता मानचिन्ह मात्र म्हशीच्या वतीने दिग्दर्शक घेत होता.

पडद्यावर म्हशीने नाक मुरडलं आणि शेजारी बसलेली आई किंचाळली, "अगं बाई, ही तर आमची मंदी! कारलं वाढलं की अश्शीच बघते मेली!"

पुढचे गृहस्थ वळले. "आजी, पोटच्या पोरीला म्हैस म्हणता?"

"तुम्ही तोंड बघा हो तिचं!"

त्यांनी बघितलं. मग अख्ख्या रांगेने बघितलं. बावीस वर्षांच्या नाट्यसेवेत मंदाकिनीला पहिल्यांदाच कुणी ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने निवड समितीला अर्ज धाडला: 'सदर म्हैस मीच असल्याची ओळख माझ्या आईने समक्ष पटवली आहे. तरी म्हशीला ठोसर हे आडनाव लावण्यात यावे, ही नम्र विनंती.'