पत्त्यांच्या आडून

दर सेकंदाला माहितीची पन्नास पाकिटं जात होती. सेहेचाळीस पत्त्यांच्या खेळाची, आणि त्यांच्या आड लपलेली चार कुलूपबंद आवाजाची. पाळत ठेवणाऱ्याला एवढंच दिसावं, की शिराझमधली एक म्हातारी फोनवर पत्ते खेळत बसलीय. परदेशात, इझमीरच्या खोलीत वर्षभर खपून बर्दियाने ही वाट तयार केली होती, आणि त्याच्या धाकट्या भावाला शिपायांनी घरातून उचलून नेल्याचा आज नववा दिवस होता.

“मामान, माहयार घरी आला का?” त्याने आईला विचारलं.

“यंदा डाळिंबं गोड निघालीत, माझ्या जिवा. तू जेवतोस ना वेळेवर? वाळून काटकी झाला असशील.”

“मामान, आपलं बोलणं कुणालाही ऐकू जात नाहीये. शंभरदा तपासलंय मी. मोकळेपणी बोल.”

“तुझे बाबाही असंच म्हणाले होते,” ती म्हणाली, आणि तिने स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडला.

फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही.

नंतर बर्दियाने नोंद तपासली. फोन कुणाच्याही नजरेत आला नव्हता. आईकडून आलेला आवाज: बोलणं एकोणीस सेकंद, पाणी अकरा मिनिटं.