सहावा शब्द

"मगाशी सांगितलेले पाच शब्द आठवतात का, सर?" संशोधक मुलीने विचारलं.

चाळीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेल्या आवाजात सामंत सरांनी घडाघडा म्हटलं, "कंदील, पेरू, घागर, सायकल, शाळा."

मुलीचं पेन थांबलं. आज तिने वेगळेच शब्द दिले होते. तिने सरांच्या बायकोकडे, हेमलताबाईंकडे पाहिलं. "काकू, मागच्या वेळचे शब्द पाठ करून घेतलेत यांच्याकडून?"

हेमलताबाई चष्मा पुसत बसल्या. "एकही आठवला नाही की दिवसभर जेवत नाहीत हो. म्हणून सहा महिने रोज सकाळी घोकून घेतले."

"काकू, हा स्मरणशक्तीचा अभ्यास आहे, परीक्षा नाही. आता यांची माहिती धरता येणार नाही." ती रागावली नाही, तेच हेमलताबाईंना जास्त लागलं.

बाहेर रिक्षाची वाट पाहताना सरांनी हेमलताबाईंना अदबीने विचारलं, "ताई, आपलं नाव काय?"

हा प्रश्न आता रोजचाच होता. पेरू शिकवला, घागर शिकवली, स्वतःचं नाव तेवढं राहिलं. त्यांच्या तोंडून ते एकदा तरी ऐकायचं होतं.

"म्हणा माझ्यामागे," त्या म्हणाल्या. "कंदील, पेरू, घागर, सायकल, शाळा, हेमलता."

सर पाच शब्द म्हणून थांबले. मग वर्गात चुकलेल्या मुलीला सांगावं तसं मायेने म्हणाले, "पाचच आहेत, ताई. मला चांगले पाठ आहेत."