चार नंबरची झोप

झोपेच्या तपासणी केंद्रात नवं मशीन आलं, तेव्हा पेशंटआधी स्टाफनंच एकेक रात्र डोक्याला वायरी चिकटवून त्यावर झोपून पाहिलं. रेकॉर्डवर नावं नाहीत, नुसते नंबर. ते तपासायचं काम टेक्निशियन बाईंचं. हे उरकलं की आज चौथ्यांदा दिवसपाळी मागायचीच, असं त्या घरूनच ठरवून आल्या होत्या. सात वर्षांच्या रात्रपाळीनं त्यांचा पार चोथा केला होता.

चार नंबरला त्या थबकल्या. एकूण झोप सात तास, मधे जागही नाही, आणि गाढ झोप जेमतेम सहा मिनिटं.

"सर, हे आपले वॉचमनकाका ना?" त्या हसून म्हणाल्या. "सत्तरीचा माणूस लगेच कळतो. बिचाऱ्यांच्या झोपेत काही रामच नाही."

डॉक्टरांनी यादी काढली. "काका दोन नंबर. ते तर घोडे विकून झोपलेत. चार नंबर तुम्ही."

बाईंनी यादी ओढून घेऊन स्वतः पाहिली. त्या अडतिशीच्या होत्या.

"चिंतेची गोळी चालू आहे ना? हे तिचंच काम," डॉक्टर म्हणाले. "झोप लावते, पण गाढ झोप खाते. शरीराची डागडुजी करणारं संप्रेरक जास्त करून तेव्हाच सुटतं, त्यालाही चाट बसते. किती दिवस घेताय?"

"चार वर्षं. तुम्हीच लिहून दिलीत. मी पाळी बदलून मागितली होती, गोळी नव्हती मागितली."

डॉक्टर चष्मा पुसत बसले.

"आता तरी दिवसपाळी द्या, सर."

"माणसं कुठायत, ताई? बघू पुढच्या वर्षी." मग त्यांची नजर पुन्हा पडद्यावर गेली आणि चेहरा खुलला. "रेकॉर्ड मात्र झकास आलाय हं. नव्या बॅचला शिकवायला ठेवू. तुमचं नाव नाही टाकणार, काळजी करू नका."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायला हवी होती. निघालीही. पण गुडघ्यापर्यंत येता येताच विझून गेली. तेवढं काम गोळी अजून चोख करत होती.