बाबांच्या डोळ्याचा फोकस

तीन प्रकाशवर्षांवरच्या आरशात, प्रकाशाला जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळामुळे, आज सहा वर्षांपूर्वीची हीच गच्ची चार मिनिटं दिसणार होती. शाल्मलीने बाबांच्या दुर्बिणीला डोळा लावायच्या आयपीसऐवजी कॅमेरा जोडला. पडद्यावर नुसता धूसर डाग आला.

“फोकस कर ना,” आत्या म्हणाली.

“बाबांच्या डोळ्याला जुळवलेला आहे तो. ते गेल्यापासून मी ही फोकसची चाकी हलवलेली नाही.”

“बाप तिकडे उभा असेल, आणि तू इथे चाकी जपत बस! ही मिनिटं गेली की गेली.”

एकच मिनिट उरलं तेव्हा शाल्मलीने चाकी फिरवली. डाग आकसला आणि त्यातून दोन माणसं उमटली. बाबांनी दुर्बिणीवरून डोळा काढला, शेजारी उभ्या सहा वर्षांपूर्वीच्या शाल्मलीसाठी स्वतःच चाकी फिरवली आणि तिला पुढे केलं.